रातांब्याचे ध्यान

आगळकाकींच्या शब्दकोशात विशेषणे नव्हती. चांगल्या गोष्टीला त्या "हाय" म्हणत, वाईट गोष्टीला "नाय" म्हणत. मधल्या सर्व छटांसाठी त्यांच्याकडे एकच "बरं" होते आणि तेही त्या जपून वापरत. माझे आयुष्य याच्या नेमके उलट गेले. बालपण पाठशाळेत आणि पुढची चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवण्यात गेल्यामुळे, साधे पाणी मागतानाही माझ्या तोंडी 'शीतल' हा शब्द आधी येई आणि पाणी मागाहून. अशा दोन माणसांची गाठ चित्रे काढणाऱ्या एका यंत्रापाशी पडावी, ही परमेश्वराची योजना मला अजूनही पूर्णपणे उलगडलेली नाही. त्यात एकाला काही शिकवायचे होते, एवढे मात्र आता कळते. तो एक मी नव्हे, असे मी बराच काळ समजत होतो.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, काकींची भाड्याची शेड होती. तिथे त्या आणि आणखी पाच जणी रातांब्याचे आगळ काढत. सगळ्यांची माहेरे देवरूखकडच्या डोंगरात, लग्न होऊन रत्नागिरीच्या बाजूला आलेल्या. रातांबा म्हणजे कोकमाचे फळ आणि आगळ म्हणजे ते मिठात मुरवून काढलेला दाट रस, हे आमच्याकडच्या वाचकांना सांगणे म्हणजे त्यांचा अपमान आहे. पण पुण्याकडचेही कोणी वाचत असतील, म्हणून सांगून ठेवतो. काकींचे यजमान मुंबईला नोकरीत होते, तिथेच वारले. मुलगी तिकडेच नांदत होती. वयाने काकी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पण सगळी वस्ती काकी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. गेल्या श्रावणात त्या गेल्या.

बाटली देताना त्यांची एक रीत होती. बाटली दारातल्या उजेडात धरायची, एकदा हलवायची आणि म्हणायचे, "बगून घ्या." गिऱ्हाईक मान हलवी, बाटली पिशवीत टाकी आणि चालू लागे. मीही दर महिन्याला तशीच मान हलवली. ते वाक्य मला 'या, बसा' यांसारखे वाटे. 'या, बसा' म्हटल्यावर माणसे निदान बसतात, हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

एके सकाळी माझी पूजा आटोपत असतानाच काकी अंगणात आल्या. मुंबईतल्या एका मोठ्या दुकानाने त्यांचे आगळ ठेवायचे मान्य केले होते. वर्षभर पुरेल एवढे काम होते. ते मिळाले तर शेड राहणार होती, नाहीतर दिवाळीनंतर ती रिकामी करून द्यावी लागणार होती. दुकानाची अट एकच होती.

"ते म्हणतात, बाटलीवरचं चित्र बोलकं पायजे," काकी म्हणाल्या. "गुरुजी, चित्रानं काय बोलायचं असतं?"

मी म्हणालो, "आत काय आहे, ते चित्राने सांगायचे."

"ते तर मी सांगते की."

"तुम्ही मुंबईच्या दुकानात उभ्या असणार नाही, काकी."

हे त्यांना पटले. मुलीने फोनमध्ये एक यंत्र घालून दिले होते. आपण बोलायचे, त्याने लिहून घ्यायचे आणि लिहिले तसे चित्र काढायचे. आमच्याकडे मूर्ती रंगवणाऱ्याला चितारी म्हणतात; काकींनी यंत्राला तेच नाव दिले आणि त्याच्याशी त्या रोजंदारीवर बोलावलेल्या कारागिराशी बोलावे तशा बोलू लागल्या. "चितारीभाऊ, च्या घेतलात काय? मंग ऐका. एक बाटली काढा. बाजूला चार रातांबे ठेवा. हळू काढा, घाई नाय."

चितारीने घाईच केली. क्षणभरात चित्र आले: एक बाटली, मागे काळेभोर आकाश, त्यात पौर्णिमेचा चंद्र आणि चांदण्यात न्हालेले चार हापूस आंबे. शेडमधल्या बायका हसून हसून बसल्या. मला मात्र त्या यंत्राविषयी प्रथमच आदर वाटला. त्याने 'रातांबा' या शब्दाचा विग्रह केला होता: रात अधिक आंबा. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. फक्त असे फळ पृथ्वीवर नव्हते. माझे अनेक विद्यार्थी याच मार्गाने नापास झाले आहेत.

"रातांबा म्हणजे रक्ताम्र," मी सर्वांना समजावून सांगितले. "रक्त म्हणजे लाल, आम्र म्हणजे आंबा. लाल आंबा. काकी, बाटलीचे नावही तेच ठेवू. रक्ताम्र."

"नाव घेताना घास अडकतोय," काकी म्हणाल्या; पण ठेवू दिले.

दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी चटईवर सोले वाळत घालायला सांगितली. सोले म्हणजे रातांब्याची वाळवलेली साले. चितारीने अतिशय नेटकी चटई काढली आणि तिच्यावर ओळीने चपलांचे तळ, म्हणजे इंग्रजीतले 'सोल', मांडले, उन्हात छान वाळत असलेले. शेवंती म्हणून त्यांच्यात सर्वांत धाकटी होती. नवरा मुंबईला, पदरात दोन मुली आणि जीभ तिखट. ती म्हणाली, "काकी, याचं सार केलात तर आमी आज उपाशीच बरे."

आता या कामात विद्येची आवश्यकता आहे, हे मला दिसले. "याला नुसती वस्तू सांगून भागायचे नाही," मी म्हणालो. "याला ध्यान सांगायला हवे."

"ध्यान?" शेवंती म्हणाली. "ध्यान आमच्या घरात हाय की. धाकटे भावजी. सोताच्या लग्नात उलटा सदरा घालून उभे होते."

मी तिच्या अज्ञानाला क्षमा केली आणि सांगितले, की पूजेच्या आरंभी ध्यानाचा श्लोक म्हणतात. देवतेचा वर्ण कोणता, हात किती, कोणत्या हातात काय, आसन कसे, मुद्रा कशी, हे सारे त्यात क्रमाने येते. तो श्लोक ऐकून मूर्तिकार मूर्ती घडवतो आणि भक्त मनात रूप उभे करतो. या यंत्राला हवे आहे तेही हेच. आमच्या पूर्वजांनी ते फार आधी जाणले होते.

काकींनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हंजे देव कुनी बगितलेला नाय, म्हणून सांगावा लागतो."

"बरोबर."

"आगळ तर हितं बरणीत हाय."

या वाक्यात सगळे येऊन गेले होते. मी त्यावर विद्वान माणसे हसतात तसा हसलो.

आधी यंत्राची परीक्षा घ्यावी म्हणून मी हेदवीच्या देवाचे स्मरण करून दशभुज गणपतीचे वर्णन सांगितले. दहा हात, प्रत्येकातले आयुध, सोंडेचे वळण, काही सोडले नाही. चित्र सुंदर आले. मी हात मोजले, अकरा भरले. पुन्हा मोजले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले, अकराच. अकराव्या हातात काहीच नव्हते, तो बिचारा नुसताच पुढे आला होता.

"ऱ्हाऊ द्या," काकी म्हणाल्या. "एवढी कामं असतात देवाला."

पण शास्त्राविरुद्ध मूर्ती ठेवणे मला शक्य नव्हते आणि देवाचे चित्र बोटाने खसकन पुसून टाकणे त्याहून शक्य नव्हते. अखेर मी उत्तरपूजेचा मंत्र मनात म्हणून मगच ते पुसले. त्यातले पुन्हा येण्याचे निमंत्रण तेवढे गाळले. अकरा हातांनी ते पुन्हा यावेत, अशी माझी इच्छा नव्हती.

मग मी आगळाचे ध्यान रचायला बसलो. तीन दिवस लागले. खोटे कशाला सांगू, ती माझ्या उतारवयातली सर्वांत आनंदाची रचना होती. माणकाची प्रभा, उगवत्या सूर्यबिंबाचा वर्ण, पहाटेच्या दवासारखे काचेवरचे थेंब, मागे समुद्राची निळी रेघ, असे पदामागून पद येत गेले. काकींच्या फोनमध्ये मी ते स्वतः वाचून दाखवले, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून. चितारीने जे चित्र दिले, त्याभोवती सगळी शेड गोळा झाली. बाटलीतून जणू अरुणोदय होत होता. शेवंतीसुद्धा हात पुसून बघायला पुढे आली.

काकी उठल्या, फडताळातली आगळाची एक बाटली घेऊन आल्या आणि फोनशेजारी धरली. इकडे एकदा, तिकडे एकदा असे पाहून म्हणाल्या, "बरं हाय. कुनाचं हाय?"

"म्हणजे काय? तुमचेच."

"आमचं काळं असतंय, गुरुजी. काळं सांगा त्याला."

'काळे' हा शब्द मला मंगल वाटेना. मी त्याऐवजी 'मेघश्याम' असे सांगितले. चितारीने बाटलीशेजारी बासरी वाजवणारा बाळकृष्ण काढला, मोरपिसासह. मग 'घननीळ' म्हणून पाहिले, गाय वाढली. छापखान्याला चित्र दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. मी काकींना म्हणालो, की जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती चालते, तो अलंकारच आहे. शिवाय रक्ताम्र हे नाव घेतल्यावर लाल रंग शब्दसिद्धच आहे. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेली माणसं." मी ते होकारार्थी घेतले.

चित्र मुंबईला फार आवडले. पहिला माल गेला आणि तीन आठवड्यांनी दुकानाच्या साहेबांचा फोन आला. काकी फोन घेऊन माझ्याकडेच आल्या, शेवंतीही मागोमाग आली. काकींनी आवाज मोठा केला, म्हणून सर्व मला ऐकू आले.

"काकी, चित्र एक नंबर आहे," साहेब म्हणत होते. "पण माल चित्रासारखा नाहीये. लोक बाटल्या परत आणतात. म्हणतात, काळं पडलंय, खराब झालंय."

"ते काळंच असतं, साहेब."

"हो, पण चित्रात लाल आहे ना! थोडा कलर टाका. खायचा असतो, सगळेच टाकतात. नाहीतर पुढची ऑर्डर मला देता येणार नाही. संध्याकाळपर्यंत सांगा."

चित्र मालासारखे नाही, अशी तक्रार मी जन्मभर ऐकत आलो होतो. माल चित्रासारखा नाही ही प्रथमच ऐकली.

"काकी, चिमूटभर तर टाकायचाय," शेवंती म्हणाली. "जिलबीत खातोच की आपण."

"जिलबी रंगानं होते गो. आगळ मिठानं होतं."

"आनि शेड गेली तर? मी परत चिऱ्याच्या खाणीवर जाऊ? पोरींना घेऊन?"

काकी माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, तुमी आगळ कदी बगितलंत?"

"काकी, सत्तर वर्षे पितो आहे."

"पिताव. बगितलंत काय?"

मी त्यांच्यामागून शेडमध्ये गेलो. काकींनी बरणीतले आगळ एका बाटलीत ओतले, दारातल्या उजेडात धरले आणि एकदा हलवले. या वेळी मी मान हलवली नाही. पाहत राहिलो.

"सांगा आता," काकी म्हणाल्या. "दिसतंय तेवढंच."

मी सांगू लागलो आणि माझ्या ध्यानात आले, की माझ्यापाशी शब्द फार थोडे आहेत. काळे आहे. उजेडात धरले तर कडेला तांबडे दिसते, जेमतेम दोऱ्याएवढे. हलवले की काचेला धरून हळूहळू खाली उतरते. तळाशी मीठ बसले आहे. मध्येच मला 'जणू' हा शब्द आला. काकींनी हात वर केला, मी तो गिळला. एवढेच यंत्राला सांगितले. चितारीने एक काळी बाटली काढली, साध्या लाकडी फळीवर ठेवलेली, कडेला तांबडा दोरा. त्यात अरुणोदय नव्हता की देव नव्हता.

"हां," काकी म्हणाल्या. "हेच हाय."

ते चित्र त्यांनी लगेच मुंबईला पाठवले. साहेबांचा फोन यायला वेळ लागला नाही. "काकी, हे फार उदास वाटतं. पहिलंच चित्र राहू दे. माल मग आम्ही दुसरीकडून बघतो."

"चित्र आमचं हाय."

"चित्र कोणाचंच नसतं काकी, ते एआयनं काढलेलं असतं." मग आवाज थोडा मऊ झाला. "अजून विचार करा. कलर टाकताय का?"

शेवंती काकींच्या तोंडाकडे बघत होती. मीही बघत होतो आणि काकींनी होय म्हणावे असे मला त्या क्षणी वाटले, हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे. कारण हे सारे माझ्या माणकाने आणि सूर्यबिंबाने घडवले होते आणि काकी हो म्हणाल्या असत्या, तर माझी अतिशयोक्ती निस्तरली गेली असती.

"नाय," काकी म्हणाल्या.

दिवाळीनंतर शेड रिकामी झाली. शेवंती खाणीवर गेली नाही. त्याच वसाहतीतल्या मासळीच्या कारखान्यात लागली. काकी माहेरच्या वाडीवर राहायला निघाल्या त्या दिवशी ती आली नाही. मी एसटी स्टँडवर गेलो होतो. क्षमा मागायची म्हणून मी मनाशी एक वाक्य नीट रचून नेले होते. त्यात तीन समास होते. काकींनी ते सुरूच होऊ दिले नाही. हातात एक बाटली दिली. तिच्यावर दुसरे चित्र चिकटवलेले होते, झेरॉक्सच्या दुकानातून काढलेले. तिथे रंगीत निघत नव्हते. आगळाच्या बाबतीत त्याने काहीच बिघडले नव्हते. खाली अक्षरे होती: आगळ. नाव एवढेच.

"काकी, शेवंती..." मी म्हणालो.

"तिचं बरोबर हाय," काकी म्हणाल्या. "माजंपन हाय. दोन्ही असतंय." आणि देवरूखच्या गाडीत चढल्या. पुढच्या वैशाखात शेवंती चार दिवसांची रजा काढून त्यांच्या वाडीवर रातांबे फोडायला गेली, असे मला नंतर कळले. दोघी एकमेकींशी काय बोलल्या, ते कळले नाही. बहुधा रातांबे फोडले असतील.

माझ्यात मात्र एक बिघाड कायमचा झाला. सकाळी पूजेला बसलो, की ध्यानाचा श्लोक म्हणताना माझे डोळे पूर्वी आपोआप मिटत. आता ते उघडे राहतात. माझ्या वडिलांकडून आलेली ती वीतभर पितळी मूर्ती. साठ वर्षे मी तिला श्लोकातल्या रूपाने पाहिले. प्रत्यक्षात देवाचा उजवा कान झिजून सपाट झाला आहे आणि पोटावर आमच्या तीन पिढ्यांच्या बोटांनी खळगा पाडला आहे. श्लोकात याचा उल्लेख नाही. मी श्लोक म्हणतो, पण सावकाश.

त्यानंतर वर्षभराने पुतण्याकडे ठाण्याला गेलो होतो. सूनबाईने पाहुणचार म्हणून सरबत पुढे केले आणि मोठ्या कौतुकाने बाटली दाखवली. "काका, खास तुमच्यासाठी. तुमच्याकडचंच आहे, अगदी अस्सल. रंग बघा ना!" बाटलीवर अरुणोदय होत होता. दवाचे थेंब होते, समुद्राची निळी रेघ होती, वर ठळक अक्षरांत 'रक्ताम्र' होते. नाव माझे, चित्र यंत्राचे आणि आतला द्रव कोणाचा, ते ईश्वर जाणे. पण तो चित्राशी तंतोतंत जुळत होता. आग्रह झाला. मी प्यायलो.

घरी परतल्यावर काकींना फोन केला. वाडीवर रेंज येण्यासाठी त्यांना मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढून यावे लागे, म्हणून आमचे बोलणे नेहमी धापांनी सुरू होई. मी सर्व सांगितले.

"प्यायलात?" काकींनी विचारले.

"प्यायलो."

"कसं होतं?"

मी विचारात पडलो. मधुर, अम्ल, शीतल, एकेक शब्द उचलून पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवून दिला. तोंडात आठवत होते ते शोधले. काही आठवेना, डोळ्यांपुढे मात्र होते.

"लाल होतं," मी म्हणालो.

काकी हसल्या. मी त्यांना एवढे मोठ्याने हसताना पूर्वी कधी ऐकले नव्हते आणि नंतर ऐकायचे राहून गेले.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आता बगून बोलायला लागलात."